पिरोश्काचा थर्मास

मी थर्मास आहे, लिटरभर पाण्याचा. बाहेरून हिरव्या पत्र्याचा, आतून काचेचा. आमच्या मोंतेविदेओ शहरात माणूस मला काखेत मारल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. बँकेत जायचं असो, नदीकाठी फिरायला जायचं असो की कुणाच्या मयताला, काखेत थर्मास असतो आणि त्याच हातात कडू पाल्याच्या चहाचा, नळीने ओढून प्यायचा तुंबा. उरलेल्या एका हाताने इथली माणसं सगळा संसार उरकतात. मी बरोबर नसलो तर ओळखीचे लोक थांबवून विचारतात, बरं नाही का?

माझा जन्म शेजारच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. एका काचेत दुसरी काच बसवली, दोन्हींच्या मधली हवा काढून घेतली आणि तळाशी काचेचं बारीक टोक वितळवून बंद केलं. माझी सगळी पुण्याई त्या टोकापाशी. लोकांना वाटतं, ऊब मी देतो. मी काही देत नाही. कुणी आत घातलेली ऊब तेवढी धरून ठेवतो.

दुकानाच्या फळीवर मी चार महिने होतो. एका सकाळी एक म्हातारं जोडपं आत आलं. आपसात हंगेरियन बोलत होतं.

"घरी किटली आहे. हा कशाला?" म्हातारा म्हणाला.

"किटली काखेत मारून कुणी फिरतं का?" म्हातारी म्हणाली. "इथे राहायचं तर इथल्यासारखं राहायचं."

"सदुसष्ट वर्षं मी कॉफी प्यायलो. आता पाला चोखू?"

"तू नको पिऊस. नुसता माझ्याबरोबर चाल."

ती पिरोश्का. तो तिचा नवरा गेलर्ट. हंगेरीतल्या रेल्वेत त्याने अडतीस वर्षं सिग्नल सांभाळले होते. त्यांची एकुलती एक मुलगी रेका इथल्या विल्मार नावाच्या मुलाशी लग्न करून मोंतेविदेओत स्थायिक झाली होती. नात मिकाएला सहा वर्षांची झाली, रेकाला नोकरी लागली, तेव्हा तिने आईवडिलांना लिहिलं, तिकडे दोघंच बसून काय करता, इकडे या. त्यांनी जर्दाळूच्या तीन झाडांसकट घर विकलं आणि दोन पेट्या घेऊन आले. मुलीच्या घरापासून चार चौकांवर, तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एका खोलीचं बिऱ्हाड मांडलं. मीही त्याच बिऱ्हाडात आलो.

पिरोश्काने त्या शहराशी कंबर कसून ओळख करून घेतली. नात स्पॅनिश बोलायची, म्हणून तिने स्पॅनिश शिकायला घेतलं. फ्रिजवर, दारावर, आरशावर चिठ्ठ्या चिकटवल्या. मिकाएला शाळेतून आली की गुडघे टेकून एकेक चिठ्ठी तपासायची.

"आजी, टेबल 'तो' नाही, 'ती'."

"का बाई? चार पाय आहेत म्हणून?"

"असंच असतं. तू लिहून घे."

पिरोश्का लिहून घ्यायची. मांस विकणाऱ्याकडे, फार्मसीत, ओळखपत्राच्या रांगेत ती तोडकंमोडकं बोलायची. चुकली की स्वतःच आधी हसायची. ओळखपत्रासाठी त्यांना तीन खेपा पडल्या. कधी जन्माच्या दाखल्यावर शिक्का नव्हता, कधी शिक्क्याचं भाषांतर नव्हतं. त्या रांगेत माझं पाणी तिने पुढच्या-मागच्या सात जणांना पाजलं.

समोरच्या दारात नेल्ली राहायची, साठीची विधवा, तोंडाने फटकळ. तिने पिरोश्काला पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा मीही होतो. इथे एकच तुंबा, एकच नळी, आणि तो आळीपाळीने सगळ्यांकडे फिरतो. पिरोश्काने पहिला तुंबा संपवला आणि परत देताना सभ्यपणे 'आभारी आहे' म्हणाली. मग तासभर तुंबा सगळ्यांकडे फिरला, तिच्याकडे आलाच नाही. घरी येऊन ती रडवेली झाली. तिला वाटलं, आपण परके म्हणून वगळलं. दुसऱ्या दिवशी नेल्लीने जिन्यातच तिला गाठलं.

"अगं, आभार मानले म्हणजे 'आता पुरे' असं होतं. आम्हाला वाटलं तुला आवडला नाही. पोटभर पिऊन घ्यावं, मग मानावेत आभार."

पिरोश्का पायरीवर बसून हसत सुटली.

गेलर्टचं तसं नव्हतं. त्याला दहा-बारा शब्दांपलीकडे भाषा आली नाही. दारवान रोज विचारायचा, कसं काय? आणि इथला रिवाज म्हणून गेलर्ट उत्तर द्यायचा, 'शांत'. इथे सगळं ठीक असलं की लोक 'शांत' म्हणतात. तो शब्द त्याला आवडला होता. बाकी काही कळलं नाही की तो 'हो, हो' म्हणायचा आणि पिरोश्काकडे बघायचा. नेल्ली त्याच्या नावातल्या 'ग'चा घशातून 'ह' करून म्हणायची, "हेलेर्तराव, तुमचं नाव घ्यायचं म्हणजे घसा साफ करावा लागतो." तरी तो म्हणायचा, "हो, हो."

कधी कधी तो एकटाच बंद पडलेल्या मोठ्या स्टेशनापर्यंत चालत जायचा. कुंपणाच्या गजांतून गवत चढलेले रूळ बघायचा आणि परत यायचा. पिरोश्का विचारायची, "आली का गाडी?" तो म्हणायचा, "लेट आहे."

अशी दोन वर्षं गेली. दर रविवारी रेकाकडे जेवण असायचं, विल्मार अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजायचा. अशाच एका रविवारी त्याने चिमटा खाली ठेवला आणि सांगितलं, ऑस्ट्रेलियात एका खाणीवर नोकरी मिळाली आहे. पुढच्या महिन्यात निघायचं.

पिरोश्का टोमॅटो चिरत होती. ती चिरतच राहिली.

"किती दिवसांसाठी?" गेलर्टने मुलीला विचारलं.

"आधी आम्ही जातो बाबा. जम बसला की तुम्हाला बोलावून घेतो."

"असंच इथे बोलावलं होतंस."

"बाबा, इथे विल्मारला काम नाही. मी काय करू?"

"तू काही करू नकोस. मी एवढंच विचारतोय, आम्ही इथे कुणाकडे आलो होतो?"

विल्मारने भाजलेला पहिला तुकडा सासूच्या ताटात ठेवला. पिरोश्का म्हणाली, "टोमॅटोला मीठ कमी आहे," आणि मीठ आणायला आत गेली. बराच वेळ ती आली नाही.

विमानतळावर मिकाएला माझा पट्टा धरून उभी होती. "आजी, स्पॅनिश विसरू नकोस हं," ती म्हणाली. "मी रोज परीक्षा घेणार." पिरोश्काने मान हलवली.

पहिले काही महिने रोज फोन यायचा. मोबाइल मला टेकवून उभा करायचे, म्हणून मी ते सगळं ऐकलं आहे. मग रविवारी येऊ लागला, मग एक रविवार आड. विल्मार महिन्यातले वीस दिवस खाणीवर असायचा. आईवडिलांना कायमचं बोलवायच्या अर्जांची रांग एवढी लांब निघाली की रेकाने आकडा सांगायचं टाळलं. निदान भेटीला जावं, तर डॉक्टरांनी पिरोश्काची छाती तपासून एवढा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं.

मिकाएला पडद्यावर मोठी होत गेली. आजीचं बोलणं तिला समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीत देऊ लागली.

"तिला आता तेच सोपं जातं, आई," रेका म्हणाली. "शाळेत सगळे तेच बोलतात."

फोन बंद झाल्यावर पिरोश्का फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढू लागली. "हिच्यासाठी शिकले," ती गेलर्टला म्हणाली. "आता ही भाषा घेऊन मी कुणाशी बोलू?"

"नेल्लीशी बोल," तो म्हणाला.

"नेल्ली माझी नात आहे का?"

गेलर्ट उठला आणि तिने काढलेल्या चिठ्ठ्या गोळा करून खणात ठेवल्या.

मुलगी गेल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात पिरोश्काला न्यूमोनिया झाला. सरकारी दवाखान्यात आठ दिवस ती होती. नेल्ली रोज यायची, डॉक्टरांचं ऐकायची आणि हातवारे करून गेलर्टला समजावायची. नवव्या दिवशी नेल्ली बहिणीकडे गेली होती. सकाळी एक तरुण डॉक्टरीण आली. गेलर्ट अदबीने उभा राहिला. मी खाटेशेजारी उघड्या पिशवीत होतो.

"त्यांच्या फुफ्फुसांत आता जोर उरलेला नाही," ती सावकाश म्हणाली. "नळ्या लावून आम्ही त्रास वाढवणार नाही. त्या शांत आहेत. आता त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं. समजलं ना आजोबा?"

"हो, हो," गेलर्ट म्हणाला.

"कुणाला बोलवायचं आहे का?"

"हो, हो. शांत." आणि तो हसला.

डॉक्टरिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेली.

गेलर्ट वाकून बायकोच्या कानाशी म्हणाला, "सोडतायत तुला. जाऊ द्यायचं म्हणाली. मी घरून बूट घेऊन येतो."

पिरोश्काने डोळे उघडले. डॉक्टरीण काय म्हणाली ते तिला कळलं होतं. शब्दन् शब्द कळला होता. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"तपकिरी आण," ती म्हणाली. "काळे चावतात."

घरी येऊन त्याने दाढी केली. पलंगावर धुतलेली चादर घातली, खिडकी उघडून खोली हवेशीर केली. आल्याआल्या तिला चहा लागेल म्हणून मला गरम पाण्याने भरलं. तपकिरी बुटांना पॉलिश केलं. तो परत पोचला तेव्हा बारा वाजायला आले होते. खाटेवरची गादी दुमडून ठेवलेली होती.

एक परिचारिका आली आणि त्याला काहीतरी सांगू लागली. तो दोन्ही हातांत बूट धरून "हो, हो" म्हणत राहिला. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, तेव्हा पिशवी त्याच्या खांद्यावरून घसरली आणि मी फरशीवर उभाच्या उभा आदळलो. माझ्या तळाचं टोक फुटलं. आवाज एवढा बारीक होता की कुणाचं लक्ष गेलं नाही.

इथे मयत ठेवून घेत नाहीत. दुसऱ्याच दिवशी दफन झालं. रेका पाचव्या दिवशी पोचली आणि पंधरा दिवस राहिली. आईचे कपडे वाटून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, हंगेरीला परत जाता का?"

"कुणाकडे?"

ती त्याच्या पायाशी बसली. "मग माझ्याकडे चला. तीन महिन्यांचा व्हिसा सहज मिळेल."

"आणि चौथ्या महिन्यात?"

ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. पण तिला निघावंच लागलं. मिकाएलाची परीक्षा होती.

त्यानंतर गेलर्टने एक नेम धरला. रोज सकाळी मला गरम पाण्याने भरायचं, काखेत मारायचं आणि नदीकाठच्या कठड्यावर जाऊन बसायचं. येणारेजाणारे माझ्याकडे बघून त्याला मान लवून नमस्कार करायचे. तोही करायचा. तो ना पाला आणायचा, ना तुंबा. मला तो एकदाही उघडायचा नाही. संध्याकाळी घरी येऊन पाणी मोरीत ओतायचा. ते तासाभरातच गार झालेलं असायचं. आता माझ्यात काही टिकत नाही. त्याला हे कळलं नाही, कारण तो प्यायलाच नाही.

या शरद ऋतूत त्याच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला. दुसऱ्यांदा नेल्लीने दार ठोठावून त्याला बाहेर काढलं. मग तिने रेकाला फोन केला. दोघींनी मिळून त्याच्यासाठी शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम शोधला. रेकाने त्याला सगळं त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, काही राहू दिलं नाही. तिथे हंगेरियन येणारं कुणी नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "बरं."

आज सकाळी त्याला न्यायला गाडी आली. तिथे खोलीत गरम पाणी ठेवायला परवानगी नाही. म्हणून त्याने मला विसळलं, फडक्याने कोरडं केलं आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारच्या कट्ट्यावर नीट उभं केलं. वापरता येण्यासारख्या वस्तू लोक इथेच ठेवतात. त्याची पेटी धरून नेल्ली बाजूला उभी होती. तो तिच्याकडे वळला. ओठांतल्या ओठांत त्याने शब्द जुळवून बघितले आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "याच्यात पाणी अजून गरम राहतं."

सहा वर्षांत त्याने या भाषेत बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. व्याकरणाची त्यात काही चूक नव्हती.

"हो, हो," नेल्ली म्हणाली. तिने तोंड फिरवलं आणि पेटी गाडीत ठेवली.

गाडी कोपऱ्यावरून वळून गेली त्याला आता बराच वेळ झाला. मी कट्ट्यावर आहे. अजून चांगला दिसतो, हिरवा रंग कुठे उडालेला नाही. कुणीतरी उचलेलच. तू जो कोणी असशील, तुला एवढंच सांगणं आहे. आधी मला कानाशी धर आणि हळूच हलव. आत काच वाजेल. मग मला इथेच ठेव, नाहीतर डब्यात टाक, दोन्ही सारखंच. फक्त मला भरून, एवढ्या भरवशाने, कुणाच्या वाटेकडे बघत बसू नकोस.