उलट वाचन

माझा धंदा इंग्रजीचा. लोकांचे जबाब, अर्ज, तक्रारी मराठीतून उचलायच्या आणि इंग्रजीत नेऊन ठेवायच्या. हमालीच म्हणा, फक्त पाठीऐवजी डोळे दुखतात.

आमच्या खालच्या मजल्यावर रंगमास्तर राहतात. रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं छटा जुळवतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या दारासमोरच्या भिंतीसाठी मोठ्या हौसेने रंग कालवून दिला. मी सायीचा रंग सांगितला होता, भिंतीला झाली कावीळ. तसं म्हटलं तर म्हणे, "ताई, दोष रंगात नाही, तुमच्या बल्बमध्ये आहे." मी कुठली ऐकून घेतेय! "डबे ढवळून ढवळून मास्तरांचे डोळे गेले वाटतं," असं जिन्यात चार माणसांदेखत बोलून मोकळी झाले. तेव्हापासून आमचा अबोला. जिन्यात गाठ पडली की ते चपलांकडे बघायचे आणि मी किल्ल्यांकडे.

गेल्या महिन्यात त्याच कारखान्याची चौकशीची फाइल माझ्याकडे आली. जबाब मराठीत होते आणि निकाल देणारं मुख्य ऑफिस फक्त इंग्रजी वाचणारं. उघडून बघते तर जबाब रंगमास्तरांचा. प्रकरण साधं होतं. मास्तरांना डावलून एका तरुणाला सुपरवायझर केलं. मास्तरांनी छटांची कृती लिहिलेली आपली वही तीन दिवस त्याला दिली नाही. त्यामुळे रंगाचा एक घाणा वाया गेला. शेवटी मास्तरांनी सांगितलं होतं, "माझ्या मनात अढी होती, हे खरं आहे."

अढी. या एका शब्दाशी मी थांबायला हवं होतं. आमचे म्हातारे सर शिकवायचे, इंग्रजीत वाईट भावनांची मोठी बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं. ग्रज म्हणजे जुनं दुखणं, कुणी फुंकर घालेपर्यंत जपून ठेवलेलं. स्पाइट म्हणजे आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. अॅनिमॉसिटी म्हणजे उघड वैर, गावाला माहीत असलेलं. आणि मॅलिस म्हणजे समोरच्याचं वाईट व्हावं म्हणून थंड डोक्याने केलेली करणी. "शब्द माणसाच्या बोलण्यावरून निवडू नका," सर म्हणायचे, "त्याला काय हवं होतं ते विचारा." म्हणूनच आमच्या धंद्यात उलट वाचन असतं. इंग्रजी झालं की जबाब देणाऱ्याला समोर बसवून ते पुन्हा त्याच्या भाषेत सांगायचं, आणि तो हो म्हणाला की मगच 'वाचून दाखवले' या चौकटीत खूण करायची.

मी मॅलिस टाइप केलं. मास्तरांशी बोलणंच नव्हतं, तर उलट वाचन कसलं? खूण केली, फाइल पाठवली आणि चहा ठेवला. चहा फार छान लागला, हेही सांगून टाकते.

दहा दिवसांनी दुपारी दार वाजलं. मास्तरांची बायको. चार वर्षांत पहिल्यांदाच वर आली होती. हातात लिफाफा.

"ताई, यांना न सांगता आलेय," ती म्हणाली. "कारखान्याचं पत्र आहे, सगळं इंग्रजीत. वाचून सांगता का? यांनी दोन दिवस जेवण सोडलंय, नि मला काही सांगत नाहीत."

"आत या, वहिनी." पत्र घेतलं. नियम फाइलीतही होताच, की नुकसान मॅलिसने केलं असेल तर नोकरी जाते, नसेल तर दोन आठवडे घरी बसवतात. मास्तरांची नोकरी जात होती. हरकत असेल तर उद्या दुपारी बारापर्यंत कळवायची. आणि कारणाच्या ओळीत, जाड अक्षरांत, माझा शब्द.

"काय लिहिलंय?"

"नोकरीवरून काढतायत."

ती भिंतीला टेकली. "का पण? यांनी असं काय केलं?"

मी त्या शब्दावर बोट ठेवून बसले. त्याचं मराठी मला येत होतं, चांगलं येत होतं. 'तुमच्या नवऱ्याने वाईट चिंतून, ठरवून घात केला.' हे त्या बाईच्या तोंडावर मला म्हणवेना. जे मी टाइप केलं होतं ते मला उच्चारता येत नव्हतं.

"वहिनी, हा शब्द त्यांचा नाही, माझा आहे," मी म्हटलं. "चला, मी खाली येते."

मास्तर खिडकीशी बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फाइल माझ्याकडे होती, तुम्हाला वाचून न दाखवताच खूण केली, आणि शब्द वाईटातला वाईट घातला. ते उठले. वाटलं, आता हाकलतात. हाकललंही असतं, पण वहिनी म्हणाल्या, "आधी उद्याचं बघा. भांडायला जन्म पडलाय."

मग मी उलट वाचन केलं, एकेक ओळ. मास्तर मान हलवत गेले. शेवटच्या ओळीला मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मास्तर, वही दिली नाहीत, तेव्हा तुम्हाला काय हवं होतं? त्या पोराची फजिती?"

"फजिती करून मला काय मिळणार?" ते चिडून म्हणाले. "वही काय मी घरी लपवली होती? तिन्ही दिवस डब्याच्या पिशवीत घालून नेत होतो. पायाशी ठेवून बसायचो. त्याने एकदा यावं नि म्हणावं, मास्तर, हा रंग जरा बघता का? एवढंच. एकदा विचारावं माणसाने."

मला एकदम माझी भिंत दिसली. मलाही चार वर्षं एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा वर येऊन ती उजेडात बघावी.

"हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

"वही दिली का, एवढंच विचारलं. नाही दिली, म्हणालो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी चौकशी अधिकारी बाईंच्या टेबलासमोर होते. मास्तरांचा पुरवणी जबाब, या वेळी खरोखर वाचून दाखवलेला, आणि मॅलिसच्या जागी ग्रज. सोबत दुरुस्तीचा फॉर्म. त्यात 'मूळ चुकीचे कारण' असा रकाना असतो. तिथे काय लिहावं? आधी घाई लिहिलं, खोडलं. मग ग्रज लिहिलं. तेही खोडलं. माझं नुसतं दुखणं असतं तर मी चौकटीत खोटी खूण केली नसती. तो शब्द टाइप करताना त्याने काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि चहा गोड लागला होता. मी लिहिलं, मॅलिस.

बाईंनी वाचलं, चष्मा काढला. "स्वतःबद्दल हा शब्द फार होतोय हो. जरा सौम्य करायचा का? मला तुम्हाला भाषांतरकारांच्या यादीतून काढावं लागेल."

"काढा," मी म्हटलं. "पण तो राहू दे. या वेळी स्वतःला विचारून लिहिलाय."

वर्षभरासाठी माझं नाव यादीतून गेलं. मास्तरांना दोन आठवडे घरी बसवलं, नोकरी वाचली. ते मला माफ करतील असं काही मी धरून चालले नव्हते. पण घरी बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर मास्तर भिंतीसमोर उभे, हात मागे बांधून. जिन्याच्या खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. बराच वेळ बघत राहिले.

"पिवळाच झालाय," ते म्हणाले.

"म्हणजे बल्बचा दोष नाही तर."

"बल्बचाही आहे," मास्तर म्हणाले.

मला हसू आवरेना. मग मात्र मी गंभीर झाले, कारण बोलायचं राहिलं होतं. "मास्तर, डोळ्यांवरून बोलले होते, ते वाईट बोलले."

त्यांनी मान हलवली. भिंतीचा पोपडा नखाने खरवडून खिशात टाकला. "दोन आठवडे हात रिकामेच आहेत," ते म्हणाले. "ताई, साय म्हणजे नेमकी कशी साय? नीट सांगा. मागच्या वेळी मी विचारलंच नव्हतं."