शाहजादीचं पिनगाणं

कारंजा गावात बांगड्या भरणाऱ्या शाहजादीच्या ध्यानात आकडे राहत नसत, गाणी राहत. म्हणून मोबाईलवरून पैसे पाठवायच्या चार आकडी पिनचं तिने गाणंच केलं:

हिरव्या चुड्या चार गं सई, लाल चुड्या दोन,
पिवळ्या नऊ भरा मले, रुपेरी भरा तीन.

हातात बांगड्या सरकवताना ती गुणगुणे आणि बायका ते घरी नेत. महिन्याभरात बँडवाल्यांनी ते वरातीत आणलं.

एका वरातीत तिची लेक कशिश किंचाळली, "अम्मी, हा तं तुहा पिन! सारं गाव नाचून राह्यलं त्याच्यावर! माह्या कॉलेजची फी हाय त्या खात्यात, अन् फोन तू कोनाच्याबी हाती देतं!"

शाहजादी ढोलाशेजारीच खाली बसली आणि पदराआड पिन बदलला.

"मावशी, आता नवं गानं कवा?" शेजारच्या रुचिकाने विचारलं.

चाल तर ओठांवर आलीच होती. शाहजादीने घाईघाईने अख्खा विडा तोंडात कोंबला. आकडे पाठ होईपर्यंत, तीन दिवस, तिने तोंड रिकामं ठेवलं नाही. बांगड्यांचे भावही बोटांनीच सांगितले.