ग्रेड तीन म्हणजे काय

रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी हाती आला आणि डॉक्टरीणबाई भेटणार थेट सोमवारी. ताईच्या छातीतली गाठ काढून दहा दिवस झाले होते. गाठ कॅन्सरची हे आधीच ठाऊक होतं. कुठवर गेलाय, तेवढंच कळायचं होतं. पाकीट दाजींनी फोडलं, एकच शब्द वाचला आणि ओरडले, "पॉझिटिव्ह! मी म्हणत नव्हतो, सगळं चांगलंच होणार?"

ताईच्या धाकट्या भावाने कागद घेतला. पॉझिटिव्ह होतं ते 'मार्जिन'. 'लिम्फ नोड' निगेटिव्ह होते. आणि मधोमध 'ग्रेड तीन'. त्याने मनाशी म्हटलं, तिसरी स्टेज! तोवर दाजींनी तीन नातेवाइकांना आनंदाची बातमी दिलीसुद्धा.

"ठीक आहे," म्हणत भावाने कागदाची घडी घालून खिशात टाकली.

तो गाडी चालवायला शिकवायचा. शनिवारी मोकळ्या रस्त्यावर गाडी पाचव्यांदा गचके खात थांबली, तेव्हा शिकणाऱ्या बाई वैतागल्या. "सर, समोर कोणी नाही. तुमच्या बाजूचा ब्रेक कशाला दाबताय?"

त्याने पाय काढला. दोन मिनिटांत पुन्हा ठेवला.

रविवारी त्याला घरी बसवेना, म्हणून ताईच्या लाँड्रीत गेला. डावा हात वर जात नव्हता, तरी ती एका हाताने चादरींच्या घड्या घालत होती. तो आला, बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा उठला.

"काय लपवतोयस?"

"कुठे काय?"

"परवापासून माझा कागद तुझ्या खिशात आहे. काढ."

त्याने काढला. "ताई, तिसरी स्टेज आहे गं."

ती स्टुलावर बसली. कागद ओढून घेतला. मग कागदावर बोट फिरवू लागली. "इथे ग्रेड लिहिलंय. स्टेज कुठाय?"

त्याने दोनदा वाचलं. स्टेज हा शब्दच नव्हता.

"म्हणजे तुलाही कळलेलं नाही आणि ह्यांनाही नाही. पेढे वाटणारा एक, सुतक धरणारा दुसरा!" ती चिडून म्हणाली. पावतीच्या पाठीवर तिने ग्रेड, मार्जिन, लिम्फ नोड हे तिन्ही शब्द उतरवून घेतले.

सोमवारी तिने डॉक्टरीणबाईंपुढे तीच पावती ठेवली.

"ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात, किती झपाट्याने वाढू शकतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या झपाट्याने वाढणाऱ्या आहेत. स्टेज वेगळी. गाठ केवढी, कुठवर पसरली, त्यावरून ठरते. गाठ लहान आहे, लिम्फ नोड म्हणजे काखेतल्या ग्रंथी, त्या स्वच्छ आहेत. स्टेज पहिली."

भावाने खुर्चीचा हात घट्ट धरला. दाजींनी विचारलं, "आणि ते पॉझिटिव्ह?"

"ते चांगलं नाही. मार्जिन म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड, तिथेच कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. आत थोड्या राहिल्या असतील. पुन्हा ऑपरेशन करून तेवढी कड काढावी लागेल. नंतर बहुतेक केमो."

दाजींचा चेहरा उतरला. ताईने विचारलं, "कधी?"

"गुरुवारी."

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, "आता नातेवाइकांना काय सांगू?"

"जे बाईंनी सांगितलं ते. तेवढंच." मग ती भावाकडे वळली. "आणि तू. यापुढचा प्रत्येक कागद आधी माझ्या हातात. घाबरायचं असेल तर मी माझी घाबरेन."

दुसऱ्या ऑपरेशनात कड स्वच्छ निघाली. महिन्याभराने केमो सुरू झाला. पहिल्या दिवशी सुई लावायला आलेल्या नर्सला ताईने आधी थांबवलं आणि बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं.