समजा, हे वर्तुळ आहे

मी एक जुना लाकडी कंपास आहे, मित्रांनो. तुमच्या पेटीतला तो बोटभर, पेन्सिल धरणारा नव्हे. मी फळ्यावरचा, चांगला हातभर उंच. एका पायाला टोक, दुसऱ्या पायाच्या तोंडात खडू आणि डोक्याशी दोन्ही पाय बांधून ठेवणारा एक पितळी स्क्रू. एका सुताराने मला खुर्च्यांच्या कामातून उरलेल्या पट्ट्यांतून घडवले, पण शाळेत मी ते कोणाला कळू दिले नाही. गणिताचे सर मला खांद्यावर टाकून वर्गात शिरत, तेव्हा माझा रुबाब काही औरच असे.

सर भले माणूस होते. फक्त त्यांना घाई फार. नववीचा अभ्यासक्रम बारा महिने त्यांच्या मानगुटीवर बसलेला असे. त्याच नववीत मधल्या रांगेत एक मुलगी होती. सरांचे वाक्य संपायच्या आत तिचा हात वर जाई, म्हणून वर्ग तिला शंकासुर म्हणे. हीच मुलगी पुढे गणिताची प्राध्यापक झाली, आणि माझे निम्म्याहून अधिक आयुष्य तिच्याचजवळ गेले.

वर्षानुवर्षे गरगर फिरून माझा स्क्रू ढिला झाला होता. मला ते कळत होते, पण सांगणार कसे? एके दिवशी सरांनी वर्तुळ काढले आणि फिरता फिरता माझा पाय सरकला. शेवट सुरुवातीला भेटलाच नाही. मध्ये बोटभर फट राहिली. सरांनी तळहाताने थोडे पुसले आणि हातानेच दोन्ही टोके जोडून टाकली.

"समजा, हे वर्तुळ आहे," सर म्हणाले.

"सर, पण हे वर्तुळ नाहीये. टोकं जुळलीच नाहीत," शंकासुर उभी राहिली.

"समजा म्हटलं ना?"

"पण सर, समजायला ते आधी बरोबर नको का?"

वर्ग खो खो हसला. सरांचा पारा चढला. "फार अक्कल आलीय! जा, बाहेर उभी राहा. समजेपर्यंत आत यायचं नाही."

तास संपेपर्यंत ती दाराबाहेर ओठ घट्ट मिटून उभी होती. चूक माझी होती आणि शिक्षा तिला झाली. मला आजही त्याचे वाईट वाटते.

मुले गेल्यावर सरांनी रिकाम्या फळ्यावर पुन्हा वर्तुळ काढून पाहिले. पुन्हा फट. मग त्यांनी माझे डोके निरखले आणि खिशातल्या किल्लीच्या कडेने स्क्रू पिळला. दुसऱ्या दिवशी माझे वर्तुळ असे जमले की काय सांगू! मला वाटले, आता सर बोलतील. त्यांनी तिच्याकडे पाहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पान त्रेचाळीस काढा."

तिने मुकाट्याने पान त्रेचाळीस काढले. पुढचे सहा महिने तिचा हात वर गेला नाही. वर्गाला वाटले, शंकासुर शहाणी झाली.

गणित मात्र तिने सोडले नाही; उलट हट्टाला पेटल्यासारखे केले. ती कॉलेजात शिकवू लागली त्या वर्षी सर निवृत्त झाले आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या घरी आले. "याचा स्क्रू आता घट्ट आहे," एवढेच म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

"सरांनी माफी मागितली बहुतेक," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग झालं की!"

"झालं कसलं? अख्ख्या वर्गासमोर मला बाहेर काढलं, आणि माफी पाठवली कंपासाच्या हाती!"

तिच्या घरी मी पडेल ते काम केले. लेकीने मला घोडा केले. सासूबाईंनी माझ्या दोन्ही पायांवर मोजे वाळवले आणि मांजर ओट्यावर चढले की त्याला हाकलायलाही मीच. मग लेक मोठी झाली, सासूबाई गेल्या, आणि मी कॉलेजात तिच्या खोलीतल्या खिळ्यावर लटकलो. फळ्यावर वर्तुळ काढायला ती अधूनमधून मला नेई. नाहीतर माझ्या अंगावर धूळ बसे. तिथे सगळे तिला मॅडम म्हणत. मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि त्यांच्या टिपणांची वही तर विद्यार्थी डोळे मिटून उतरवून घेत.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्या दिवशी मी फळ्याला टेकून उभा होतो. शेवटून दुसऱ्या बाकावरची एक अबोल मुलगी उठली. "मॅडम, ती तिसरी ओळ... ती कशी आली?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. "समजा, ते सिद्ध झालंय. पुढे चला."

कोणीतरी फिसकन हसले. मुलगी खाली बसली. माझ्या तर लाकडात कळ गेली, मित्रांनो! पण मॅडमना आपण काय बोललो ते कळलेही नाही.

आठवड्याने त्या मुलीचा अर्ज मॅडमच्या टेबलावर आला. गणित सोडून दुसरा विषय घ्यायचा होता आणि विभागप्रमुख म्हणून सही मॅडमची हवी होती. कारणाच्या जागी लिहिले होते, 'मला समजत नाही.'

मॅडमनी पेन उघडले आणि तसेच धरून ठेवले. मग वही काढून तिसरी ओळ वाचली. दोन्ही बाजूंना एकाच राशीने भाग दिला होता, आणि ती राशी शून्य असू शकते हे पाहिलेच नव्हते. शून्याने भाग देता येत नाही हे तुम्हीसुद्धा सांगाल. अठरा वर्षे ती ओळ त्याच वहीतून फळ्यावर जात होती.

"अहो मॅडम, तिला खोलीत बोलावून सांगा की," शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक वहीत डोकावून म्हणाले. "जाता जाता वर्गासमोर शोभा कशाला करून घ्यायची?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. "एकीला अशीच गुपचूप माफी मिळाली होती," त्या म्हणाल्या. "तिचं समाधान नाही झालं."

मुलगी सही घ्यायला आली तेव्हा त्यांनी अर्ज हातात घेतला, मला खांद्यावर टाकले आणि म्हणाल्या, "सही नंतर. आधी वर्गात चल."

वर्गात त्यांनी ती तिसरी ओळ लिहिली. खडू दोनदा मोडला.

"ही ओळ चूक आहे. मागच्या आठवड्यात हिने विचारलं आणि मी हिला गप्प बसवलं. हिला समजत होतं. मला समजलं नव्हतं. माझं चुकलं, बाळ."

मुलीचे डोळे भरून आले, पण ती फळ्याकडेच बघत होती.

"मॅडम, मग ती राशी शून्य असेल तेव्हा काय?"

"ते मीही अजून पाहिलं नाहीये. ये, तूच करून बघ."

मुलगी पुढे आली आणि तिने खडू घेतला. मॅडम तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसल्या आणि उतरवून घेऊ लागल्या. अर्ज टेबलावर डस्टरखाली तसाच पडून राहिला.

मित्रांनो, मी लाकडाचा. मला स्वतःचे चुकले हेही सांगता आले नाही. तुम्हाला तोंड आहे, ते वापरा. आणि तुमच्या वर्गात कोणी शंका विचारायला उभे राहिले, तर हसण्याआधी एकदा फळ्याकडे नीट बघा.