शेवईएवढे चार तुकडे

जमनाबाई राठोड यांच्या स्तनातल्या गाठीचे शेवईएवढे चार तुकडे बुधवारी दुपारी पांढरकवड्याच्या एका दवाखान्यात फॉर्मलिनच्या बाटलीत टाकले गेले. फॉर्मलिनमध्ये मांस वर्षानुवर्षे नासत नाही. शुक्रवारी सकाळी बाटली यवतमाळच्या लॅबमध्ये पोचली, तेव्हा चारही तुकडे नासलेले होते.

साधना भगत एकोणीस वर्षे या लॅबमध्ये असे तुकडे मेणात बसवते, त्यांचे केसाहून पातळ काप काढते आणि रंगवून काचेवर चढवते. निदान डॉक्टर करतात. नमुना वाया गेला, तर त्याचे कारण शोधणे हे कुणीच तिच्यावर सोपवलेले काम नव्हते. ते तिने आपणहून घेतले होते. तिने पांढरकवड्याला फोन लावला. तिथल्या सिस्टरने मुलांची शपथ घेऊन सांगितले, की बाटलीत फॉर्मलिनच होते. साधनाचा शपथांवर विश्वास नव्हता. पण त्याच दिवशी, त्याच खोक्यातल्या बाटल्यांतून आलेले आणखी दोन नमुने उत्तम होते, त्यांच्यावर होता.

सोमवारी जमनाबाई आणि त्यांचे यजमान धरमसिंग रिपोर्ट न्यायला आले. डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून काउंटरवर साधनाच उभी राहिली. कागदावर एकच ओळ होती: निदान शक्य नाही, नमुना पुन्हा घ्यावा.

“म्हंजे काही निघालं नाही न?” जमनाबाईंनी विचारले.

“काही नाही असं नाही, बाई. कळलंच नाही.”

“मंग झालं. एक डाव टोचून घेतलं, आता नाही. टोचलं का पसरते म्हन्ते.”

“कोण म्हणते?”

“सारा तांडा म्हन्ते.”

“तांड्यात याच्या आधी कोणाची गाठ टोचली होती?”

जमनाबाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “कोनाचीच नाही.”

“टोचल्यानं पसरून बाई दगावली, असं कुठं दिसलं नाही. डॉक्टर लोक पुष्कळ वर्षं पाहून राह्यले.”

“एवढ्या भानगडी कायले?” धरमसिंग मध्येच म्हणाले. “पुरी गाठच काढा अन् तपासा.”

“भाऊ, बारीक सुईनं नुसत्या सुट्या पेशी निघतात. त्यावरून गाठ वाईट आहे का ते बरेचदा कळते, पण सगळं कळत नाही. जाड सुईनं तुकडा निघतो, त्यावरून औषध ठरते. आधीच पुरी गाठ कापली अन् ती कॅन्सरची निघाली, तर दुसऱ्यांदा कापावं लागू शकते. शितावरून भात कळत असला, तर हंडी कायले उपडी करता?”

“आमचं शीतच नासलं न,” असे म्हणून जमनाबाईंनी पिशवी उचलली.

‘निदान शक्य नाही’चा अर्थ ‘काही नाही’ असा लावून लॅबचा जिना उतरलेली बाई परत येते ती वर्षभराने. तेव्हा गाठ ओळखायला सुईचीही गरज उरलेली नसते. साधनाने हे तीनदा पाहिले होते.

“थांबा. बुधवारी बाटली कोणाजवळ होती?”

“माह्याजवळ,” धरमसिंग म्हणाले. “रात्री घरी ठेवली, दुसऱ्या दिवशी साळ्याच्या घरी लगन होतं, मंग शुक्रवारच्या पयल्या गाडीनं आनली.”

“अशीच होती ना?” साधनाने फडताळातली भरलेली बाटली काढून तिचे झाकण उघडले.

धरमसिंग दोन पावले मागे सरले. गमछा नाकावर गेला. “झाकन लावा, म्याडम! लावा म्हन्तो न!”

“काहून?”

झाकण लागल्यावर त्यांनी गमछा खाली केला. “कपाशीले फवारनी करतानी मी पडलतो. सात दिवस भरती होतो, डोयानं दिसत नव्हतं. घरी बाटली उघडून पाह्यली, तं तसाच झोंबनारा वास. मले वाटलं, चुकून जहर भरलं. हिच्या आंगाचा तुकडा, अन् जहरात ठेवाचा?”

“मग?”

“वतून देल्लं. ढोरं जात नाही तिथं. बाटली तीन डाव धुतली. पानी उकयलं, फडक्यानं गायलं, थंड केलं, अन् मंग भरलं.”

“तुमी पानी उकयलं?” जमनाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. “म्याडम, तीस वर्सांत या मानसानं चहाचं आधन ठेवलं नाही!” त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. दोघे आपसात गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, काहीतरी बोलले. साधनाला कळले नाही. मग जमनाबाईंनी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

“म्हंजे सुईची चूक नव्हती?”

“नव्हती.”

“कदी याचं टोचाले?”

“उद्या सकाळी. मी पांढरकवड्याला फोन करून ठेवते.”

“बाटली मीच धरीन. याइच्या हाती नका देऊ.”

ते गेल्यावर साधनाने नोंदवही उघडली. ‘कारण’ या रकान्यात तिने लिहिले: नातेवाइकांनी द्रव बदलला, नमुना दीड दिवस पाण्यात राहिला. वाक्य खरे होते, पण पुरे नव्हते. तिने समोरची बाटली फिरवून पाहिली. लेबलावर नाव, वय, डावी-उजवी बाजू, तारीख आणि वेळ यांना जागा सोडलेली होती. त्याच ओळीखाली तिने आणखी लिहिले: आत काय आहे आणि ते का ओतू नये, हे बाटलीवर लिहिलेले नव्हते. लेबल तयार करणार: साधना भगत.