निवडणीचं टेबल

अंडी उबवायच्या कारखान्यात एका दिवसाच्या पिल्लांतले नर-मादी वेगळे करायचं काम मी चाळीस वर्षं करतेय. शाळा दुसरीपर्यंत, पण पिल्लाचा पंख मला वाचता येतो. पंख उघडायचा, पिसांच्या दोन रांगा बघायच्या. सारख्या असल्या तर नर, लांब-आखूड असल्या तर मादी. मादी डावीकडच्या पेटीत, नर उजवीकडच्या. टेबलावर बसणार फक्त बायका, हा नियमही माझाच. पुरुषाचा हात जड, पिल्लू गुदमरतं, असं मीच मालकाला ठासून सांगितलेलं.

माझ्यानंतर माझी खुर्ची नातीची. तिचा हात माझ्याहून चपळ. हे तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, डोक्यावर बसली असती. महिन्यापूर्वी तिनं केस कापले आणि जेवताना म्हणाली, "आजी, मी मुलगा आहे. लहानपणापासून माहितीये मला."

"अस्सं. मग उद्यापासून गड्यांबरोबर पेट्या उचल," मी म्हटलं.

वाटलं, दोन दिवसांत पाठ धरेल नि गुमान परत येईल. तीन आठवडे झाले तरी पोर पेट्याच उचलत होतं.

मग माझी तांबडी बिघडली. घरच्या कोंबड्या मी एकेक पारखून आणलेल्या. तांबडीनं दोन वर्षं अंडी दिली, मग थांबली, तुरा वाढला आणि एका सकाळी माझ्यासमोर मान ताणून आरवली. टेबलावरच्या बायकांना आयता विषय मिळाला. "मावशींचा हात चुकला," म्हणे. मी तांबडीला काखोटीला मारलं नि कारखान्याच्या डॉक्टरकडे गेले.

"हात नाही चुकला, मादीच होती," तो म्हणाला. "आतला अंडाशय निकामी झाला की क्वचित एखादी अशी बदलते."

मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. लाखो पिल्लं डावीकडे-उजवीकडे टाकली. पेटीत पडलं की माझ्यापुरतं संपलं. पुढं त्याचं काय होतं ते बघायला मी कधी थांबलेच नव्हते. मांडीवर तांबडी तशीच ऊबदार, तेवढीच जड, डोळाही तोच.

तशीच आवारात गेले आणि पोराला सगळं सांगितलं. त्यानं पेटी खाली ठेवली.

"मी कोंबडी नाही गं आजी. माझं काही निकामी झालेलं नाही. मी पहिल्यापासून असाच आहे."

"कळलं. खुर्चीवर येऊन बस."

"मुलगा म्हणून?"

"नाही तर काय, पाहुणा म्हणून?"

तो हसला नाही. शेजारच्या हमालाकडे त्यानं बोट दाखवलं. "मग यांनाही बसव. पाच वर्षं विचारतायत."

हमाल सहा फुटी, पंजा फावड्याएवढा. "राहू द्या मावशी, उगाच कशाला," तो पुटपुटला.

"गप्प. हात धुऊन ये."

बायकांनी माना वळवल्या. मी त्याच्या पंजात पिल्लू ठेवलं. माझ्या हातात पिल्लं कायम कलकलाट करत आलीत. त्याच्या हातात ते शांत झालं. मान टाकली की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर डोळे उघडे ठेवून आरामात बसलेलं. नातवानं पंख कसा उघडायचा ते दाखवलं.

"मादी?" हमालानं विचारलं.

बरोबर. दुसरंही बरोबर. तिसरं चुकलं, ते मी उचलून डावीकडे ठेवलं.

मी माझेच हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि त्या धिप्पाड गड्याला पुरेल अशी खुर्ची शोधायला निघाले.