साडेअकराची घंटा

अँब्रोसमामाच्या शिकारी कॅम्पात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नसे. एक म्हणजे लॉरेनमामीचं रविवारचं जेवण. दुसरी, दारामागच्या फळीवर मामाच्या वडिलांनी तापल्या सळईने कोरून ठेवलेला नियम: लागोपाठ दोन हंगाम ज्याचं हरीण अंगणातल्या आडव्या खांबाला लटकलं नाही, त्याचं मचाण रांगेतल्या पुढच्या माणसाला.

टेसा मुद्दाम त्या फळीकडे पाठ करून बसली होती, तरी फळी तिला दिसतच होती. कारण रांगेतला पुढचा माणूस समोर बसून ब्रेडला लोणी लावत होता. डेरेक, मामाचा मुलगा.

"काय टेसे, तुझ्या बाबांच्या मचाणाची शिडी जरा डुगडुगते का गं? म्हणजे पुढच्या वर्षी मला हातोडा आणावा लागेल का, एवढंच विचारतोय."

"शिडी ठणठणीत आहे. डुगडुगत असेल तर तुझी नजर."

मचाण तिच्या बाबांचं होतं. ओकच्या टेकडीच्या कडेला, तीन खोडांच्या बेचक्यात, लाकडं खांद्यावरून वाहून त्यांनी ते बांधलं होतं. ते गेले त्या वर्षी मामाने ते टेसाला दिलं. त्या पहिल्याच हंगामात तिचा नेम चुकला. नेम चुकला की शर्टाचा मागचा तुकडा कापून भिंतीला ठोकायचा ही तिथली रीत, त्यामुळे तिच्या निळ्या चौकड्यांचा तुकडा शेगडीच्या वर लोंबत होता. गेल्या वर्षी ती पाच महिन्यांची गरोदर. डॉक्टरांनी शिडीचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलेलं. ते वर्ष धरायचं नाही, असं मामाने ठरवलं. डेरेक म्हणाला, "पण फळीवर तसं काही लिहिलेलं नाही." तर मामीने त्याच्या ताटातला बटाटा उचलून परत पातेल्यात टाकला होता.

म्हणजे हा दुसरा हंगाम. हंगाम नऊ दिवसांचा असला तरी टेसाच्या हातात शनिवार आणि रविवार दोनच. आठ महिन्यांची विनी दीड तासावर घरी, नीलजवळ. नील चांगला बाप होता. पण विनी रडायला लागली की तो आधी 'बाळ का रडतं' असं फोनवर शोधायचा आणि मग बाळाकडे बघायचा.

शनिवार तिने स्वतःच्या हाताने घालवला.

तयारीत खोट नव्हती. कपडे आठवडाभर आधी नुसत्या सोड्याने धुऊन, सीडरच्या फांद्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवलेले. साबण नाही, क्रीम नाही, बाळाची पावडर तर घरातच उघडली नव्हती. ("काही उपयोग नाही," डेरेक म्हणाला, "तुला दुधाचा वास येतो. हरणांना वाटेल, जंगलात पाळणाघर निघालंय.") उजाडायच्या आत ती ओढ्याच्या कडेने लांबून वळसा घालून गेली, म्हणजे हरणांच्या वाटेवर तिचं पाऊल पडू नये. वर चढून कमरेचा पट्टा खोडाला बांधला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. रिकामी बंदूक दोरीने वर घेतली. मग पट्टा तिसऱ्यांदा ओढून बघितला. खिशातून रुईसारख्या रानबोंडाच्या दोन म्हाताऱ्या काढून सोडल्या. त्या तिच्या पाठीमागे, तळ्याच्या बाजूला तरंगत गेल्या. वारा समोरून होता, म्हणजे हवा तसा.

सव्वानऊला दलदलीकडून एक नर निघाला. चांगला रुंद शिंगांचा. सत्तर पावलांवर आला, साठवर आला. आणि तिच्या छातीवरच्या खिशात फोन थरथरला.

विनी! दुसरं काही तिच्या डोक्यात आलंच नाही. हात आपोआप खिशाकडे गेला. जेमतेम वीतभर हलला असेल. नराने मान वर केली, पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला, नाकातून फुस्स केलं आणि पांढरी शेपटी उभारून तो सीडरच्या गर्दीत गेला.

फोनवर नीलचा निरोप होता. 'बाळाचा तो गाजरासारखा चमचा कुठे आहे?'

रात्रीच्या जेवणाला तिने हे प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मग तासभर कुणीही मीठ मागितलं नाही. जो तो गाजराचा चमचा मागत होता.

"हसा," मामा डोळे पुसत म्हणाला. "पण पोरी, खरं सांगू? मचाणावर नेमाला फार किंमत नसते. बसण्याला असते. ज्याला बसता येतं त्याला हरीण मिळतं. तुझा बाप बसायचा. लाकडाचा ओंडका वाटायचा."

"मग मामा, तुम्हाला चार वर्षांत का नाही मिळालं? नियम तुम्हालाही लागू आहे की."

"रांगेतल्या ज्या माणसाला माझं मचाण जायचं, त्याला ते नकोय. तिथे वारा फार लागतो," मामा म्हणाला आणि त्याने पाव मोडला.

रविवारी उजाडताना ती पुन्हा वर बसली होती. फोन बंद करून पाठपिशवीच्या तळाशी ठेवलेला. नीलला सांगून ठेवलं होतं: घर पेटलं तर आधी बंबवाल्यांना कळव, मग आईला, आणि मग मला, दुपारनंतर.

आणि तिच्याजवळ आणखी एक गोष्ट होती जी तिने कुणालाच सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी बाकीचे सगळे मचाणांवर असताना ती दोन दिवस केबिनच्या खिडकीशी बसून होती. करायला काही नव्हतं, आणि काळजी करणाऱ्या माणसाला बघत बसण्याची सवय असते. साडेअकराला मामीने ओसरीवरची घंटा वाजवली. गेली चाळीस वर्षं ती त्याच वेळेला वाजत आली होती. चारी बाजूंनी शिकाऱ्यांची भगवी जाकिटं झाडांतून निघाली, बडबडत, बर्फ झाडत, केबिनमध्ये शिरली. दार लागलं. आणि बारा मिनिटांनी, टेसाने घड्याळात बघितलं होतं, दलदलीतून तीन हरणं बाहेर आली. माणसांच्या ताज्या पावलांवर नाक ठेवून, निवांत, बाजाराला निघाल्यासारखी, बाबांच्या मचाणाच्या दिशेने ओकच्या टेकडीकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. सगळी माणसं आत जेवतायत हे हरणांना ठाऊक झालं होतं.

तेव्हा आज घंटा झाली तरी खाली उतरायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं. ऐकायला सोपं आहे. पण त्या कॅम्पात मामीचं रविवारचं जेवण चुकवलेला माणूस आजवर झाला नव्हता. एकदा एक पाहुणा पाय मुरगळून ओढ्यात पडला होता, तर दोघांनी त्याला उचलून आधी टेबलाशी आणला आणि मग दवाखान्यात नेला.

सकाळभर काही नाही. एक खार. मग तीच खार पुन्हा. दहाच्या सुमाराला छाती भरून यायला लागली. दूध काढायचा पंप केबिनमध्ये होता, आणि साडेअकराला जाऊन मोकळं व्हायचं हा तिच्या शरीराचा हिशोब होता. अकरापर्यंत काखेपर्यंत ठणका पोचला.

घंटा झाली. टण, टण, टण.

डावीकडून डेरेक उतरला. त्याच्या शिडीचा आवाज अर्ध्या जंगलात गेला. वाटेवरून जाताना त्याने वर बघून हाक मारली, "टेसे! पोर्क आहे आज! पिठाचे गोळे! आंबट कोबी!"

तिने मान हलवली नाही.

"झोपलीस काय? आई मारेल हं तुला!" मग स्वतःशीच, पण तिला ऐकू जाईल असं, "मेली वाटतं. मचाण मिळालं."

तो गेला. मामा गेला. दूरवर दार लागलं. जंगल असं शांत झालं की तिला स्वतःचं पोट ऐकू येत होतं. वाऱ्याबरोबर केबिनचा धूर येत नव्हता ही देवाची कृपा, नाहीतर त्या पोर्कच्या वासाने ती शिडीवरून चालत नाही, घसरत गेली असती.

तिला हलायचं होतं. पाठ, पाय, छाती, सगळं हलायचं म्हणत होतं. पण एक गोष्ट तिला डेरेकपेक्षा, मामापेक्षा, कदाचित बाबांपेक्षाही चांगली येत होती. आठ महिने ती रोज दुपारी खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन बसली होती. मान अवघडली तरी, चहा हातभर अंतरावर गार होत असला तरी, नाकावर माशी बसली तरी. हललं की दोन तासांची झोप गेली. तिने डोळे अर्धे मिटले आणि विनी खांद्यावर आहे असं धरलं. श्वास आपोआप संथ झाला.

दलदलीच्या कडेला एक काठी मोडली.

आधी मादी आली, मग तिच्या मागे नर. कालचा रुंद शिंगांचा नव्हे. हा तरणा, दोन्ही बाजूंना मिळून सहा टोकांचा. मादी डेरेकच्या पावलांचा वास घेत वाटेवर आली. नर चाळीस पावलांवर थांबला, आडवा, अंग पूर्ण मोकळं. एवढा सोपा नेम तिला आयुष्यात मिळाला नव्हता.

बंदूक मांडीवरून खांद्याला कधी आली तिचं तिलाच कळलं नाही. दुर्बिणीत खांद्यामागची जागा दिसली. आणि नराच्या पलीकडे, झाडांच्या फटीतून, अगदी बारीक, केबिनचं धुराडं.

पाव मैल तरी होतं. मधे शंभर झाडं. दुसऱ्या कुणी कदाचित झाडली असती. टेसाने बोट घोड्यावरून काढून सरळ ठेवलं. त्या धुराड्याखाली माणसं जेवत होती.

नर तसाच उभा. एक मिनिट, दीड मिनिट. मादी पुढे निघाली. तो निघेना. 'चल की बाबा,' ती मनात म्हणाली, विनीला घास भरवताना म्हणायची तशी. दूध सुटून शर्टाच्या आत ओल पसरत होती. मादीने मागे वळून बघितलं. नराने एकदा शेपटी हलवली आणि सहा पावलं टेकडीकडे टाकली. आता त्याच्या मागे फक्त मातीचा उंच चढ होता.

तिने श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला.

नर एक उडी मारून तीसेक पावलं धावला आणि ओकच्या मुळाशी आडवा झाला. पुन्हा उठला नाही.

टेसाने बंदूक रिकामी केली. मग पट्टा सोडायला तिला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

केबिनमध्ये तो आवाज कोबीच्या दुसऱ्या वाढपाला पोचला होता. ती नराशी जाऊन उभी राहते तोवर सगळे धावत आले. डेरेकच्या गळ्यात अजून रुमाल होता, मामाच्या हातात काटा.

"हे..." डेरेक म्हणाला. "हे माझ्या पायांच्या ठशावर उभं आहे."

"आडवं आहे," मामा म्हणाला. त्याने टोपी काढली, खाली बसून नराच्या मानेवर हात ठेवला, मग उठून टेसाला असं जवळ घेतलं की तो काटा तिच्या पाठीला टोचला. "मचाण तुझं. डेरेक, ओढायला घे."

"मी? अजून माझे दोन गोळे राहिलेत!"

"ओढ म्हणतो ना."

नर खांबाला लागला तेव्हा पाऊण वाजला होता. सगळे एकच विचारत होते: उतरली का नाहीस? टेसा म्हणाली, "भूक नव्हती." आणि आतल्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून पंप लावून बसली. डोळे मिटले. फोन चालू केला. नीलचा निरोप होता: 'चमचा सापडला. फ्रीजमध्ये होता. मीच ठेवला होता.'

दार ढकलून मामी आत आली. हातात वाफाळतं ताट. ते तिने टेसाच्या गुडघ्यांवर ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"मामी, रागावलात?"

"भूक नव्हती म्हणे." मामीने पिठाच्या गोळ्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला, कारण टेसाचा एक हात गुंतलेला होता. "बाराला बारा कमी असताना येतात ती. कधी तीन, कधी पाच. एकदा तर एवढा मोठा नर आला होता, डेरेकच्या गाडीला अंग घासून गेला."

टेसाने घास गिळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं त्या खिडकीसमोर उभी राहून भांडी घासते मी. आंधळी आहे का?"

"मग सांगितलं का नाही कधी? मामांना चार वर्षं काही मिळालं नाही!"

"सांगितलं असतं तर टेबलावर कोण बसलं असतं?" मामीने आणखी एक तुकडा मोडला. "आठवडाभर मी स्वयंपाक करायचा आणि हे सगळे झाडावर बसून वाळकं मांस चघळणार. छे! आणि सगळेच वर बसून राहिले तर हरणं तरी कशाला बाहेर पडतील? ती यांच्या जेवणाच्या भरवशावर निघतात."

टेसाला हसू आवरेना. हसता हसता पंप निसटला, तो मामीने सफाईने परत धरून दिला.

"एकालाच सांगितलं होतं," मामी म्हणाली. "तुझ्या बापाला. त्याने मचाण बांधलं त्याच वर्षी."

"मग बाबा कधी थांबले नाहीत दुपारी?"

"म्हणाला, लॉरेन, हरीण काय, संध्याकाळीही येईल. गरम जेवण येणार नाही." मामीने ताटातली कोबी तिच्याकडे सरकवली. "त्याला संध्याकाळ असायची गं. तुला घरी जायचं असतं. पुढच्या वर्षी तू वरच बस. तुझं ताट मी ओव्हनमध्ये ठेवीन. फक्त डेरेकला काही बोलू नकोस. खा आता, गार होतंय."